भातावरचा पत्रा

भात शिजताना झाकण थडथडलं की मला अभनपूरजवळची ती दुपार आठवते. महायुद्धात पडलेल्या विमानांच्या जागा शोधायचं बाबांना वेड होतं. सुट्टीत स्कूटरवर मलाही न्यायचे. तिथे एका म्हातारीने भातावर विमानाचाच पत्रा झाकला होता, रिवेटांसकट.

"मागून घ्या नं, बाबा."

"काहून? भात उघडा पडन तिचा."

विमान पडलं तो शेताचा तुकडा तिने दाखवला. तेवढा कोणी नांगरत नसे. सुगीला तिथे दिवा लावत. "कोनो के लइका रिहिस," ती विमानात मेलेल्याबद्दल म्हणाली, कोणाचं तरी लेकरू होतं.

बाबांनी चपला काढल्या. "या पोट्ट्याची माय वाट पाहत राहिली असन."

आता बाबाही नाहीत. गल्लीत स्कूटर थांबली, की मी अजून दाराकडे बघते.