उलट्या बाजूचा खिसा

शिलाईकाकूंचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा नवरा समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. पोटात मुलगी होती. त्याचा फोटो म्हणाल तर एकच. होडीतली चार माणसं, डोक्यावर रुंद टोप्या, तोंडं सावलीत. त्यातला डाव्या हाताने सुरी धरून दोर कापणारा तो आपला, हे काकूंनी पाहताक्षणी ठरवून टाकलं. नवरा डावखुरा होता, आणखी काय पाहिजे? फोटो मशीनसमोर टांगला. गिऱ्हाइकाने डोकं खाल्लं की त्याच्याकडे बघून म्हणायच्या, "ऐकताय ना?"

मुलगी कमावती झाली तेव्हा तिने तो मोठा करून आणला. काकूंनी चष्मा लावला, फोटो डोळ्यांजवळ धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय गं आई? आवडला नाही?"

"खिसा बघ. उजवीकडे आलाय. ह्यांचे आणि भाऊजींचे, दोन्ही भावांचे शर्ट मीच शिवलेले, एकाच ताग्यातले. मी काय उजवीकडे खिसा लावीन?"

मूळ फोटोच उलटा छापला गेला होता; लहान आकारात खिसा दिसलाच नव्हता. म्हणजे सुरी मुळात उजव्या हातात होती, आणि सुरीवाला होता धाकटा दीर. मुलीने मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे तसाच शर्ट घातलेला एकजण वाकून डब्याने होडीतलं पाणी उपसत होता. फोटोत उजव्या हाताने, म्हणजे खरं तर डाव्या.

संध्याकाळी दीर आले. फोटो पाहून खाली बसले.

"मला माहीत होतं, वहिनी. पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीत, भाऊजी?"

"तुम्ही त्याच्याशी बोलायचा. मी मध्ये कसा पडू?"

काकूंना आधी रडू फुटलं, मग राग आला, आणि मग हसू आवरेना. "म्हणजे इतकी वर्षं गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी मी तुम्हाला सांगत होते!"

स्टुडिओवाल्याने फोटो सरळ करून दिला. काकू बरेच दिवस फोटोसमोर बुजल्यासारख्या वागत होत्या, जणू घरात परका माणूस आलाय. एका दुपारी बटणांची काजं करता करता त्या आपणहून मुलीला म्हणाल्या, "सावलीतही दात बघ कसे दिसताहेत. कामातही खिदळायचे. मी ओरडायचे त्यांना. विसरलेच होते बघ."

मुलीच्या मनात आजवर बाप होता तो सुरीवाला, गंभीर. तिने स्टूल जवळ ओढलं.

"आणखी सांग ना," ती म्हणाली.