स्कॅननंतर मान पडली तेव्हा

मी खारघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते, तेव्हा माझी डावी पापणी दुपारनंतर खाली यायला लागली. सकाळी पुन्हा ठीक. तपासण्यांत स्नायू लवकर थकण्याचा आजार निघाला. गोळ्यांवर बरं चाललं होतं. या आजारात कधी छातीतल्या ग्रंथीत गाठ असते, ती आहे का हे बघायला डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला, कॉन्ट्रास्ट देऊन, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून औषध देऊन.

नवरा बाहेरगावी होता, म्हणून सोबत शेजारच्या मावशी आल्या. त्या मूळच्या उरणकडच्या कोळीवाड्यातल्या. आता विचुंब्याला आमच्याच मजल्यावर लेकाकडे राहायच्या. पनवेलच्या स्कॅन सेंटरमध्ये मी तिथल्या डॉक्टरांना आजार सांगितला. "या आजारात कॉन्ट्रास्टने क्वचित अशक्तपणा वाढतो," ते म्हणाले. "पण गाठ नीट दिसायला हवी. नंतर लगेच घरी जाऊ नका, इथेच बसा."

शिरेतून औषध गेलं तशी अंगभर ऊब पसरली. बाकी काही नाही. बाहेर आल्यावर मावशींनी थर्मासमधला चहा दिला. दुसराच घोट माझ्या नाकातून बाहेर आला.

"हसतंस काय गो?"

नाही म्हणायला गेले, तर शब्द नाकातूनच निघाला, ओळखू न येणारा. मग मान पुढे पडली. मी हनुवटीखाली दोन्ही हात धरून बसले. भीती नंतर वाटली. तेव्हा फक्त आपलं डोकं इतकं जड असतं याचं नवल वाटत होतं.

मावशी थेट आतल्या दारात गेल्या. "डॉक्टर, हिला बोलाया जमत नाय! मान पन धरत नाय!"

डॉक्टर धावत आले, ऑक्सिजन लावला आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. श्वासाचे स्नायूही थकतील म्हणून हॉस्पिटलात व्हेंटिलेटर उशाशी आणून ठेवला होता, पण लागला नाही. सलाइनमधून औषधं सुरू झाली. पापण्या उघडत नव्हत्या. भेटीच्या वेळी मावशींनी एक पापणी बोटाने हळूच वर केली आणि आपला चेहरा समोर आणला. "आमी हितंच हाय."

काही दिवसांनी गिळता यायला लागलं, मग मान सावरली. स्कॅन स्पष्ट आला होता. गाठ होती, पुढे ऑपरेशन करून काढली.

आता कुठेही तपासणीला गेले की कॉन्ट्रास्टने त्रास झाला होता, हे मी आधीच सांगते.

"अंगावर पुरळ उठलं होतं का?" टेक्निशियन विचारतात.

"नाही. मान पडली होती."

ते डॉक्टरांना बोलवायला जातात.