बांध घालायला कुणी गेलं नाही

खाडीच्या चिखलाचा खारट वास आला की मला एका मुलीची वही आठवते. तेव्हा मी जासईजवळच्या शाळेत इतिहास शिकवत होते. सिंधू संस्कृतीचा धडा संपल्यावर मुलांना म्हटलं, "तुम्ही त्या नगरात राहता असं समजा आणि रोजनिशी लिहा." बहुतेकांनी धड्यातली पक्क्या विटांची घरं आणि झाकलेली गटारंच पुन्हा उतरवली. या मुलीने लिहिलं होतं, 'उधाणाचं पाणी भातात शिरलं. दरवर्षी घरटी एक माणूस बांध घालायला जायचा. यंदा कुणीच गेलं नाही. आमचं नगर संपलं.' मी त्यावर लाल शाईने काट मारली आणि विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे गं?" ती मान खाली घालून म्हणाली, "पुस्तकात नाय, बाई. आमची जमीन सरकारनी घेतली. बा बोलला, आता बांद कोनासाटी घालाचा?" खिडकीबाहेर भाताच्या खाचरांत खारं पाणी साचलं होतं. मी रोज त्याच्याच कडेने चालत शाळेत येत होते. आता तिथे बंदराचे कंटेनर रचलेले असतात. सिंधूकाठची नगरं कशाने संपली, यावर जाणकार अजून वाद घालतात. माझ्यापुढे एक कारण लिहून आलं होतं, आणि मी ते खोडलं.