विमान उतरवण्याचे नियम

“सून गुणनी शे, पन तिले तोंड शे का नही, देव जाणे!”

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, चुलीपाशी शेजारणीला सांगत होत्या. मी भिंतीपलीकडे ताक घुसळत होते. रवी थांबवली असती तर मी ऐकतेय हे त्यांना कळलं असतं, म्हणून आणखी जोरात घुसळलं. त्या दिवशी लोणी भरपूर निघालं!

लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते. बोलत नव्हते हे खरं, पण ऐकत होते सगळं. ऐकलेल्या गोष्टींचं खोलीत भरलेल्या कापसासारखं असतं. आता बस, असं वाटतं; जरा पायाने तुडवलं की आणखी चार पाट्या बसतात.

लढाईचे दिवस होते. अडल्या विमानाला उतरता यावं म्हणून सरकारने लोणखेड्याजवळ एक मैदान सपाट करून घेतलं होतं. त्यावर कारकून म्हणून ‘हे’ लागले होते, तेही कच्चे. पहिलं विमान नीट उतरलं तर नोकरी पक्की, आणि मैदानाच्या कडेची दोन खोल्यांची कोठी राहायला. नाही उतरलं तर परत घरच्या कापसात! त्या दोन खोल्यांत चूल कुठे मांडायची, हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं. कुणाला बोलले नव्हते, एवढंच.

*

धुळ्याहून नियमांचं पुस्तक आलं. मराठी केलेलं होतं, पण करणाऱ्याने विमान पाहिलेलं नसावं.

पहिला नियम सोपा होता. मैदानावर जनावर येता कामा नये. यांनी फळीवर सुरेख अक्षरात लिहिलं, ‘जनावरांस सक्त मनाई’. दुसऱ्या दिवशी उखा पाटलांचा बैल त्याच फळीला अंग घासत उभा!

यांनी पाटलांना बोलावून झापलं. पाटील शांतपणे म्हणाले, “भाऊ, बैलले वाचता येस का?”

“तुम्हाला येतं ना?”

“माले येस. म्हनीसन मी कोठे गऊ मैदानवर?”

*

मग आली वाऱ्याची पिशवी. उंच खांबावर लांब कापडी पिशवी बांधायची. ती फुगून ज्या बाजूला उडेल, त्यावरून पायलटला वारा समजतो. कापड सरकारी, शिवून देणार आमच्या गल्लीतले मारवाडी शेठजी. नमुना दोन्ही तोंडांनी उघडा होता. शेठजींना वाटलं, सरकारच्या शिंप्याची चूक झाली. त्यांनी आपल्या पदरचं कापड लावून एक तोंड पक्कं शिवून घेतलं, दुहेरी टाक्याने!

पहिल्याच वाऱ्याला पिशवी अशी तट्ट फुगली की खांब कलला. पाहणीला आलेले साहेब ओरडले, “अरे, वारा बाहेर कुठून जाणार?”

शेठजी हात जोडून म्हणाले, “साहेब, बूड नसलेल्या पिशवीत माल थांबणार कसा?”

*

खरा घोळ धुराचा झाला. एका नियमात लिहिलं होतं, ‘विमान दिसताच धूर करावा, म्हणजे वारा कळतो.’ त्याच पानावर खाली, ‘मैदानाजवळ विस्तव करू नये.’

सासरे, म्हणजे आबा, ते पान सबंध दुपार वाचत बसले. शेवटी हुकूम दिला, “दोन्ही पाळा!”

तेव्हापासून नथू चौकीदार एका हाताशी गोवऱ्या आणि दुसऱ्या हाताशी पाण्याची घागर घेऊन बसायचा. एकदा रस्त्यापलीकडच्या मळ्यात कुणीतरी पालापाचोळा पेटवला. नथू धावत घरी आला. “भाऊ, धूर दखास! इझाडू का वाढाडू?”

*

हे जेवतानाही पुस्तक पाठ करायचे. मी भाकरी वाढत असायचे, त्यामुळे माझंही पाठ झालं.

“जमिनीवर पांढरं वर्तुळ म्हणजे मैदान इथे आहे. पांढरी फुली म्हणजे इथे उतरू नका.”

आबांचा घास हातातच राहिला. “उतरू नका सांगनं व्हतं, तर मैदान काबर करं?”

यांनी आणखी एक भाकरी मागितली.

*

विमान यायचा दिवस चैत्रातला. बैल बांधलेले, पिशवीचं तोंड उसवलेलं, नथू गोवऱ्या-घागरीसह हजर. साहेब त्या टोकाला तंबूत, आम्ही बायका या टोकाला बांधावर. आत्याबाईंच्या ज्वारीच्या बिबड्याही आमच्याबरोबर. पापडासारख्या त्या बिबड्या वाळवायला धूळ नसलेली, रोलर फिरवलेली अशी जमीन पंचक्रोशीत दुसरी नव्हती. आणि बिबड्या काही जनावर नव्हेत, विस्तवही नव्हेत. पुस्तकात त्यांचं नाव कुठेच नव्हतं! आबांची दोन लांब पांढरी धोतरं बांधाखाली मैदानावर अंथरली होती. वाऱ्याने उडू नयेत म्हणून एकावर दुसरं आडवं टाकलेलं. कोपऱ्यांवर दगड मीच ठेवले होते.

“इमान उनं! इमान उनं!”

आलं, खाली झुकलं, आणि आमच्या डोक्यांवरून भर्रकन वर निघून गेलं. दुसऱ्यांदा आलं, झुकलं, पुन्हा वर! नथूने धूर केला, विझवला, परत केला. शेठजी पिशवीकडे बोट दाखवून म्हणत होते, “शिवलेली होती तीच बरी होती!” उखा पाटील आपला बैल बांधलेलाच आहे म्हणून शपथा घेत होते.

हे धापा टाकत आमच्या टोकाला आले, मागून आबा. यांच्या हातात पुस्तक उघडं, पानं फडफडतायत, चेहरा पांढराफटक. “साहेब म्हणतात, आणखी एकच फेरी. मग ते परत जाईल, आणि मैदान नालायक म्हणून रिपोर्ट!”

“आते काय राहिनं आपलं?” आबा म्हणाले.

आत्याबाईंनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. “इमानबी भित्रंच शे!”

मी वर पाहिलं, मग खाली धोतरांकडे पाहिलं. माझ्या दोन खोल्या तिसरी फेरी घ्यायला वळत होत्या. सासऱ्यांसमोर तोपर्यंत माझा आवाज कधी निघाला नव्हता. पदर पुढे ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले,

“आत्याबाई, बिबड्या उचला, इमान उतरी!”