चिंचेच्या पाण्यातलं रिव्हॉल्व्हर

रिव्हॉल्व्हर चिंचेच्या पाण्यात भिजत घालणारी सून जबलपूरच्या मराठी मंडळींत मी एकटीच आहे.

पासष्टच्या लढाईचं वर्ष. लढाई थांबली होती, पण आमच्या खिडक्यांच्या काचांवरचे काळे कागद अजून तसेच होते आणि फॅक्टरीतला ओव्हरटाइमही. सासरे आणि हे, दोघंही तोफगाड्यांच्या फॅक्टरीत. भोंगा झाला की घरातले पुरुष असे गायब होत, की हातातला पोळीचा घास मागे राही.

मला लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं; पण घराला शिस्त लावायचं काम मी पहिल्या आठवड्यातच हाती घेतलं होतं. किराण्याची यादी, धोब्याची यादी, यादी करायच्या गोष्टींची यादी! (सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, श्वास घ्यायचाही लिहून ठेव बापा, विसरशील.")

या घरातली एकच वस्तू माझ्या कुठल्याही यादीत बसत नव्हती. मामंजींचं रिव्हॉल्व्हर. त्यांच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांना, पहिल्या जागतिक लढाईच्या काळात कुणा साहेबानं खूश होऊन दिलेलं. रीतसर लायसन्स होतं, गोळी एकही नव्हती. वर्षभर ते ट्रंकेत झोपायचं आणि खंडेनवमीला पाटावर येऊन हळदीकुंकू लावून घ्यायचं. तेलावर कुंकू, कुंकवावर तेल, अशी इतक्या वर्षांची पुटं चढली होती, की ते रिव्हॉल्व्हर कमी आणि शेंदूर लावलेला देव जास्त दिसे.

"अस्सल विलायती आहे!" मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सगळे माना डोलवत. डोलवली नाही ती फक्त आमच्या व्याह्यांनी.

व्याही म्हणजे माझ्या नणंदेचे सासरे, नागपूरचे दिगंबरराव. फौजेच्या शस्त्रागारात नोकरी झालेली. नणंदेच्या लग्नाच्या भर पंगतीत, जिलबी वाढून घेता घेता ते म्हणाले होते, "अस्सल कायचं जी! तुमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या कोण्या लोहारानं ठोकून दिलं असंन!"

मामंजींनी ताट बाजूला सारलं. "खंडेनवमीला या. तपासा. नकली निघालं तर भेडाघाटला नेऊन धुवांधार धबधब्यात फेकून देतो!"

"मी येतो ना सोबत फेकायला," दिगंबरराव म्हणाले आणि त्यांनी आणखी एक जिलबी घेतली.

(ह्यांचा आवाज बारीक: "बाबा, लायसन्सवाली वस्तू आहे, अशी फेकता येत नाही..." पण ऐकतो कोण!)

झालं, खंडेनवमी उजाडली. मामंजींनी सकाळीच अंगणात वर्तमानपत्र पसरून रिव्हॉल्व्हर खोललं. सांगाडा, नळी, चकरी, घोडा, मूठ आणि मूठभर स्क्रू. तेवढ्यात फॅक्टरीतल्या पूजेसाठी बोलावणं आलं. "याले कोणी हात लावू नका," असं सायकलवरून ओरडून ते गेले. मी त्या वेळी विहिरीवर होते. मला त्यातलं नुसतं "नका" ऐकू आलं असतं तरी मी लावला नसता. पण मला काहीच ऐकू आलं नाही.

परत येऊन पाहते, तर अंगणात पसारा! पसारा पाहिला की माझे हात आपोआप चालू लागतात. त्या दिवशी माझी शिलाई मशीनही पूजेसाठी उघडलेली होती. पूजेची ताम्हनं, पळ्या, निरांजनंही घासायची होती. मी सगळ्याची झकास वर्गवारी केली, आकाराप्रमाणे! मोठं मोठ्यात, लहान लहानात. रिव्हॉल्व्हरचे स्क्रू आणि मशीनचे स्क्रू एका वाटीत. नळी आणि पळी एका घमेल्यात. वरून चिंचेचं पाणी. मग राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसले. घासलं म्हणजे काय घासलं!

हे बाहेर आले आणि जागच्या जागी उभे राहिले.

"अगं, हे काय करून राहिली तू?"

"पूजेची भांडी."

"काहून? रिव्हॉल्व्हर भांडं आहे का?"

मी हातातल्या नळीकडे पाहिलं. तिची काळीनिळी झाक गेली होती आणि ती दुधाच्या चरवीसारखी पांढरी पडली होती. मी म्हटलं, "डाग होता, निघाला."

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. एकाच वेळी सायकलवरून मामंजी आणि रिक्षातून दिगंबरराव! मामंजींनी घमेल्यात पाहिलं. पळीशेजारी पहुडलेल्या नळीकडे पाहिलं. आणि ते मटकन पाटावर बसले, तोच पाट, ज्यावर रिव्हॉल्व्हर बसायचं.

"व्याहीबुवा," दिगंबरराव चष्मा पुसत म्हणाले, "हे रिव्हॉल्व्हर आहे की मोदकपात्र?"

त्यांनी आधी मूठ उचलली. "हे लाकूड विलायती नाही."

सासूबाई पदर खोचून पुढे आल्या. "तो माझ्या सासूबाईंचा पोळपाट आहे. जुनी मूठ फुटली तेव्हा यांनी कापला. मी अजून परातीवर पोळ्या लाटून राहिली!"

"अच्छा!" दिगंबररावांनी रिक्षावाल्याला हाक मारली. "भैया, रुकना! भेड़ाघाट चलना है।"

मामंजींचा चेहरा मला बघवेना. लग्नापासून पहिल्यांदाच माझ्याकडे पुढे काय करायचं याची यादी नव्हती.

"मुठीचं सोडा," दिगंबरराव जरा नरमून म्हणाले. "लाकूड बदलतंच. पण सांगाडा, नळी आणि चकरी, तिन्हीवर एकच नंबर पाहिजे. आहे?"

"वडील म्हणायचे, आहे," मामंजी हळूच म्हणाले. "मला कधी दिसला नाही."

दिसणार कसा? वर कुंकवाचा किल्ला होता! मी चटकन सांगाडा उचलला, पदरानं पुसला आणि किंचाळले. पांढऱ्या लोखंडावर पिवळेधमक आकडे! पुटं निघून गेली होती, पण कोरलेल्या आकड्यांच्या खाचांत वर्षानुवर्षांचं कुंकू लाखेसारखं घट्ट बसलं होतं, आणि कुंकू मुळात हळदच, चुन्यानं लाल केलेली; चिंचेच्या आंबटानं त्याची पुन्हा हळद झाली होती! सराफाच्या पाटीवर असावा तसा नंबर झळकत होता. नळी पुसली, तोच नंबर. चकरी पुसली, तोच! आणि नळीच्या बुडाशी एक इवलासा शिक्का, तोही पिवळा.

दिगंबररावांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली घेतला, शिक्का नाकाशी धरला. मग उठून मामंजींना कडकडून मिठी मारली.

"पहिल्या लढाईचा शिक्का आहे जी! अस्सल! मी हरलो!"

मामंजी इतके ताठ उभे राहिले, की धोतर दोन इंच आखूड वाटलं. रिक्षावाल्याला पेढा देऊन परत पाठवलं. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. हे तर गल्लीभर सांगत सुटले, "आमच्या हिनं शोधलं!" मी नम्रपणे मान खाली घातली, म्हणजे सगळ्यांना माझा चेहरा नीट दिसेल इतपतच.

मामंजी रिव्हॉल्व्हर जोडायला बसले. हरलेल्या दिगंबररावांना आपली विद्या दाखवायची हुक्की आली. वाटीतून त्यांनी एक स्क्रू निवडून उजेडात धरला.

"व्याहीबुवा, बाकीचं राहू द्या. हा स्क्रू पाहा! काय घडण आहे! आणि हा ओरखडा? हा रणांगणातला!"

मी पाहिलं. तो ओरखडा मीच केलेला होता, आदल्या दिवशी, भाजीच्या सुरीनं शिलाई मशीन उघडताना.

तोंड उघडलं. डोळ्यांसमोर धुवांधार आला. तोंड मिटलं. मामंजींनी तो स्क्रू आधी कपाळाला लावला आणि मग रिव्हॉल्व्हरला.

आज वीस वर्षं झाली. दर खंडेनवमीला आमचं रिव्हॉल्व्हर पाटावर बसतं, आणि माझ्या मशीनच्या स्क्रूला वेगळं कुंकू लागतं. वाटीत उरलेला स्क्रू मी जरा जोर लावून मशीनमध्ये बसवला. तेव्हापासून मी पहिल्या लढाईच्या अस्सल विलायती स्क्रूवर ब्लाउज शिवते आहे.

एकही बाही अजून जागेवर लागलेली नाही.