सगळ्यात स्वच्छ गोठा

चांदी गायीचा स्वॅब पुन्हा कोरा आला. स्वॅब म्हणजे काडीला गुंडाळलेला कापूस. तो गायीच्या योनिमार्गात फिरवायचा आणि तिथे कोणते जंतू नांदतात ते लॅबमध्ये बघायचं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद आम्ही गाभण गायींत मुद्दाम सोडत होतो. ते आधीच जागा धरून बसले, तर व्यायल्यावर गर्भाशय नासवणारे जंतू शिरणार नाहीत, अशी कल्पना. बाकी गायींत ते मजेत होते. चांदीत एकही नाही.

"केस ट्रायलमधून काढा," आमच्या लॅबचे साहेब म्हणाले.

"सर, कारण तर कळू दे."

"कारण शोधायला बजेट नाही, मॅडम."

मला चैन पडेना. चांदी सुमनताईंची. मखमलाबादकडे त्यांची गुलाबशेती. मागच्या वेतात चांदीची जार, म्हणजे वार, अडकली, गर्भाशयात पू झाला, मग ती कितीतरी महिने गाभणच राहिली नाही. यंदा तसंच झालं तर गाय बाजारात, असं त्यांच्या सासऱ्यांनी बजावलं होतं. सुमनताईंनी तिला कालवडीपासून वाढवलेली. व्यायला थोडेच दिवस उरले होते.

आधी संशय आमच्याच डोसवर. डोस थंड ठेवणारा थर्मासमधला बर्फ तपासला, ठीक होता. सुमनताईंना विचारलं, "दुसरं काही औषध देता?"

"नाय बा."

गोठा तर असा लख्ख, की जेवायला पाट मांडावा. शेवटी एका सकाळी धारेच्या वेळीच सांगितल्याशिवाय जाऊन उभी राहिले.

सुमनताईंनी बादलीत पोटॅशचं जांभळं पाणी कालवलं. शेपटी उचलून धुतलं. मग पिचकारीनं आतही मारलं.

"हे रोज?"

"रोज! तुम्ही मोठी मानसं येता, आमच्या गायीला नावं नको ठेवायला."

"अहो, त्यानं जंतू मरतात!"

"मग? त्याच्यासाठीच तं करते!"

मला हसू आवरेना. "ताई, मी सोडलेलेही मरतात."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे तुम्ही पाव्हणे बसवायचे, अन् मी हाकलायचे?"

"आत पिचकारी बंद. बाहेरून साधं पाणी."

"लय घाण वाटंल."

"वाटू दे."

पुढच्या स्वॅबमध्ये आमचे जंतू सापडले. चांदी व्याली, जार आपसूक पडली, पुढेही पू नाही की वास नाही. सासरे स्वतः शेपटीमागे वाकून हुंगून आले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिला." सुमनताई रडल्याच. मला तर पेढे वाटावेसे वाटले.

"एका गायीवरून काही सिद्ध होत नाही," साहेब म्हणाले. खरंच नाही होत. चांदी एरवीही धड व्याली असती कदाचित. मी मात्र तेव्हापासून नुसत्या विचारण्यावर विसंबत नाही. माणूस जे रोज करतो, ते तो सांगत नाही. ते धारेच्या वेळी जाऊन बघावं लागतं.