रहाटावरची जपानी

धाकूला सगळे 'जपानी धाकू' म्हणतात आणि वर दात काढतात. काढा बापड्यांनो. पण याच गावाने त्याला आधी किती छळला, ते कुणी सांगत नाही. म्हणून मला लेखणी उचलावी लागली.

धाकू आगबोटीवर कोळसेवाला. सन एकोणतीसच्या सुमारास कोबे बंदरात त्याला ताप भरला, आणि बोट त्याला तिथेच टाकून निघून गेली. माणूस म्हणजे काय फुटकं पिंप? एका म्हातारीने त्याला घरात घेतला आणि बरा होईपर्यंत पेज पाजली. आपल्यासारखीच मऊ पेज, वर तोंडी लावायला कसलंसं खारवलेलं फळ. म्हातारी दिवसभर त्याच्याशी बोलायची, आणि या गड्याकडे 'हूं'पलीकडे उत्तर नाही. निघताना नुसते हात जोडून आला. ते त्याला सलत राहिलं. पुढच्या फेरीला तिच्याशी चार शब्द धड बोलायचे, एवढंच त्याने मनावर घेतलं.

पुन्हा बोट मिळेपर्यंत तो मालगुंडला रावजी गावकराच्या आगरात रहाट हाकायला राहिला. हा रावजी म्हणजे देवळात पहिला मान याचा, आणि दुसऱ्याच्या घरात पहिलं नाकही याचंच.

परतीच्या बोटीवर एका जपानी खलाशाला विचारून विचारून धाकूने शब्द गोळा केले होते. ते त्याने रहाटाशेजारच्या गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने बालबोधीत लिहिले. सकाळी रेडा जुंपला की भिंतीकडे एकदा बघायचं आणि मागून चालत मोठ्याने घोकायचं. मिझु म्हणजे पाणी, ओकायु म्हणजे पेज. आधी कालचे शब्द. ते आले तरच आजचे. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. सोमवारी नवीन काही नाही, सगळी उजळणी. सणवार नाही, आळस नाही. रेडा कान हलवत फिरे, लोटे भरून येत, पोफळींना पाणी जाई. कुणाच्या बापाचं काय जात होतं?

पण पाण्याला येणाऱ्या बायकांनी ते ऐकलं. भिंतीवरची अक्षरं आपली, अर्थ मात्र लागेना. त्यात रावजीची गाय आटली. झालं! करणीच ठरली. कुणी म्हणे, तिकडे बायको केलीन, तिला साद घालतो. ही दुसरी बातमी ऐकायला गोड होती, पण ती बाई सत्तरीची निघाली.

रावजीने देवळात कौल लावला. देवाला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली की होकार. प्रश्न काय, तर 'ही पुटपुट बंद करायची ना, महाराजा?' उजवी पडली. देवाला मी बोल लावणार नाही. पण कुठली पाकळी किती ओली करायची, हे देव ठरवत नाही. लगेच भिंत शेणाने सारवली गेली. एवढ्या मेहनतीचे शब्द शेणाखाली!

धाकू देवाला मानणारा. तो गप्प झाला. आणि रेडा उभा राहिला.

हाकारलं, शेपूट पिरगाळलं, रावजीने स्वतः शिव्या घातल्या. त्या अस्सल मराठी शिव्या रेड्याच्या कानातच शिरेनात. पाट सुकला, पोफळींनी माना टाकल्या, तेव्हा रावजी आला.

"धाकू, बोल बाबा ते तुझं काय ते."

"देवानं बंद केलान ना, रावजीदादा? देवालाच इचारा."

पुन्हा कौल लागला. या खेपेला पाकळी इतकी चटकन पडली, की गुरवाचा हातही पुरता मागे आला नव्हता. धाकूने कोळसा घेतला, आठवून आठवून भिंत पुन्हा भरली, आणि 'मिझु' म्हणताच रेडा चालू लागला.

पुढच्या वर्षी तो कोबेला पोचला. म्हातारी होती, पण ऐकू कमी येत होतं. घोकून ठेवलेलं वाक्य हळू म्हटलं, ते वाया गेलं. मग त्याने रेड्यामागे लावायचा तो सूर लावला. म्हातारीने सगळं ऐकलं, हसली, आणि आधी पेज टाकायला उठली. या खेपेला धाकूने ती नाव घेऊन मागितली.

इथवर मी रागावलो नसतो. पण परवा देवळाच्या पायरीवर रावजी कुणा पाहुण्याला सांगत होता, "धाकूला जपानी शिकवली कुणी? मी! माझाच रहाट, माझाच रेडा."